गायकवाड ट्रॉफीजचा पक्का बंदोबस्त

"आजपासून आपल्या कॉम्प्युटरमध्ये मुंगीसुद्धा शिरणार नाही!" जयवंत गायकवाडांनी जाहीर केलं आणि खुर्चीत असे रेलून बसले, की जणू सीमेवरून पहारा देऊन आलेत!

घाटकोपरच्या पंतनगरात त्यांचं चषक आणि ढालींचं दुकान. लहानसंच. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला चषकासारखं फळीवर बसवावं लागेल, एवढंच. सपनाबाई कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या आणि जयवंतराव मशीनवर नावं कोरायचे. गेली कैक वर्षं आसपासच्या शाळांतली पोरं याच दुकानातले चषक छातीशी धरून फोटो काढत होती.

त्या रविवारी व्यापारी मंडळाने सायबर सुरक्षेची कार्यशाळा घेतली. जयवंतराव पहिल्या रांगेत! तिथून ते तीन गोष्टी शिकून आले. पासवर्ड अवघड ठेवा, तो कुणाला सांगू नका, आणि जो घाई करतो तो भामटा समजा. घरी येऊन त्यांनी जेवणाआधी दुकानाच्या ईमेलचा पासवर्ड बदलला.

"अहो, स्वरदाला विचारून तरी करा," सपनाबाई म्हणाल्या.

स्वरदा म्हणजे मुलुंडची मुलगी. स्कूटरवर फिरून छोट्या दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळायची.

"तिला कशाला? असा पासवर्ड ठेवलाय, की भल्याभल्यांना सुचणार नाही!"

आणि खरंच, सोमवारी सकाळी तो खुद्द जयवंतरावांनाही सुचेना!

आधी कॅपिटल अक्षर होतं की शेवटी? मध्ये शेपटीवाला 'ॲट' होता की तारा? त्यांनी एकदा टाकला, दोनदा टाकला, मग चिडून बोटं आपटत टाकला. शेवटी ईमेलने 'खातं तात्पुरतं बंद' म्हणून हात वर केले. आणि त्याच ईमेलमध्ये जवळच्या एका शाळेने पाठवलेली, चषकांवर कोरायची मुलांची नावं होती. समारंभ मंगळवारी सकाळी!

सपनाबाई नेमक्या आदल्या आठवड्याच्या ढाली पोचवायला चेंबूरला गेलेल्या. त्यांना फोन केला तर "तरी मी सांगत होते" ऐकावं लागणार. त्यापेक्षा जयवंतरावांनी इंटरनेटवरच मदतीचा नंबर शोधला. पहिला दिसला तो फिरवला.

"नमस्कार सर! मी हर्षद. तुमची काय सेवा करू?" आवाज कसा, तर पाकात बुडवलेला! "सर, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. सावकाश होऊ दे."

जयवंतराव खूश. बघा, घाई नाही, म्हणजे माणूस अस्सल! हर्षदने एक ॲप टाकायला सांगितलं, यांनी टाकलं. पडद्यावरचा बाण आपोआप धावायला लागला. "वा!" जयवंतराव कौतुकाने म्हणाले, "काय सर्व्हिस आहे!"

"सर, तुमच्या कॉम्प्युटरला बाहेरचं कुणी हात लावतं का?"

"एक मुलगी येते कधीतरी."

"तिथेच गडबड आहे सर. तिला आता जवळ येऊ देऊ नका."

इकडे शाळेने ईमेलला उत्तर नाही म्हणून सपनाबाईंना फोन केला होता. नव्या पासवर्डची शंका येऊन त्यांनी स्वरदाला कळवलं आणि स्वतः रिक्षा पकडली. स्वरदा जवळच होती. ती दुकानाच्या काचेच्या दाराशी आली आणि आत बघते तर काय, बाण एकटाच बँकेचं पान उघडतोय आणि काका शेजारी बसून चहा पितायत!

"काका! फोन ठेवा! लवकर!"

लवकर? जयवंतरावांचे कान टवकारले. घाई! त्यांनी शांतपणे उठून आतून कडी घातली आणि काचेतून तिला हात जोडले.

"काका, तो चोर आहे! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"ओळखलं बरं तुला!" जयवंतराव आतून ओरडले. "कार्यशाळा केलीय मी!"

स्वरदाने इकडेतिकडे पाहिलं आणि जिन्याखालच्या मीटरपेटीकडे धाव घेतली. गायकवाडांचा स्विच कुठला ते कळेना, म्हणून तिने सरळ मोठा खटका खाली ओढला. कॉम्प्युटर विझला. पण त्याबरोबर अख्खी रांग विझली! गिरणी घरघरत थांबली. शेजारच्या सलूनमधून धाकू हातात मशीन घेऊन बाहेर आला, आणि त्याच्यामागे गळ्यात टॉवेल बांधलेलं गिऱ्हाईक. त्याच्या डोक्याची एक बाजू शेतासारखी कापलेली, दुसरी जंगलासारखी उभी!

"कुणी रे लाइट घालवली?" धाकू गरजला. "याचा आज साखरपुडा आहे!"

बघता बघता दुकानासमोर ही गर्दी. पण हर्षद अजून मोबाइलवर होताच!

"लाइट गेली तरी हरकत नाही सर. तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा."

एवढ्यात सपनाबाई रिक्षातून उतरल्या. स्वरदाने दोन शब्दांत काय ते सांगितलं, तशा काचेला नाक लावून त्या ओरडल्या, "अहो! एक आकडा सांगाल तर याद राखा!"

"तूसुद्धा घाई करतेस सपना?" जयवंतराव कळवळून म्हणाले. भामट्यांनी आपल्या बायकोलाही फितवलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी चष्मा लावला आणि मेसेज उघडला.

सपनाबाई दोन्ही हातांनी काच बडवायला लागल्या. त्या बँकेत फक्त नफा नव्हता, दोघांचं सगळं आयुष्य होतं.

स्वरदाने खोल श्वास घेतला. सपनाबाईंना हळूच बाजूला केलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "काका, काही घाई नाही. अगदी सावकाश. त्या साहेबांना फक्त एवढं विचारा, की आकडे उद्या सकाळी सांगितले तर चालतील का?"

यात गैर काहीच नव्हतं. जयवंतरावांनी विचारलं.

"उद्या?" पाक एकदम आटला. "सर, लगेच सांगा, नाहीतर खातं बंद पडेल."

"पण तुम्हीच म्हणालात, सावकाश..."

"ए म्हाताऱ्या, डोकं नको खाऊ! आकडे सांग पटकन!"

घाई! जयवंतरावांनी फोनकडे पाहिलं. मग काचेपलीकडच्या सपनाबाईंकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जयवंतरावांनी फोन कापला आणि कडी काढली.

"सांगितले का आकडे?" स्वरदाने विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

सपनाबाई मटकन स्टुलावर बसल्या.

पुढची सगळी धावपळ स्वरदाने केली. कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपसली, मगच खटका वर केला. जयवंतरावांकडून बँकेला फोन करवून खातं गोठवलं, सायबर हेल्पलाइनला तक्रार दिली. कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा केला. जुनी डिझाइनं तिने कधीचीच वेगळ्या डिस्कवर ठेवली होती, ती परत आणली. ईमेलला सपनाबाईंचा मोबाइल तिनेच जोडून ठेवलेला, त्यावरून खातंही उघडलं. मुलांची नावं एकेक करून पडद्यावर आली तेव्हा जयवंतरावांनी डोळे पुसले आणि मशीनची धूळ डोळ्यांत गेली असं सांगितलं.

एवढं सगळं होईपर्यंत स्वरदा एका शब्दानेही टोचून बोलली नाही. "काका, हे लोक रोज हेच करतात. माझ्या ओळखीचे एक वकीलसुद्धा फसले," एवढंच म्हणाली. धाकूने गिऱ्हाइकाची दुसरी बाजू कापली आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मंगळवारी शाळेतली पोरं चषक घेऊन नाचली. संध्याकाळी जयवंतरावांनी स्वरदाला बोलावून घेतलं. अख्खी रांग जमली. दुकानातला सगळ्यांत उंच चषक त्यांनी तिच्या हातात दिला. त्यावर कोरलं होतं, 'स्वरदा हिस, गायकवाड कुटुंबाकडून, मनापासून.'

"पोरी, काल तुला दाराबाहेर उभं केलं मी," ते म्हणाले, "आणि तू आमचं घर वाचवलंस. तुझे उपकार..." सपनाबाईंनी तिला जवळ घेतलं. धाकूने शिट्टी मारली.

स्वरदा लाजून लाल झाली. विषय बदलायला म्हणून तिने विचारलं, "काका, काल आपण नवा पासवर्ड ठेवला, तो लक्षात आहे ना?"

"म्हणजे काय! तोंडपाठ!" जयवंतरावांनी छाती फुगवली, घसा साफ केला आणि अख्ख्या रांगेसमोर, खणखणीत आवाजात, कॅपिटल अक्षरासकट म्हणून दाखवला!

टाळ्या पडल्या. सपनाबाईंनी कपाळाला हात लावला. स्वरदाने चषक फळीवर ठेवला आणि निमूटपणे बॅगेतून पुन्हा लॅपटॉप काढला.