वर्तक काकांचा एकच प्रश्न

आमच्या वर्तक काकांना जगात एकच प्रश्न पडायचा: "कुठे लिहिलंय?"

शनिवारी केस कापू नयेत म्हणा. "कुठे लिहिलंय?" ताकात साखर नको, मीठ घाला म्हणा. "कुठे लिहिलंय?" एकदा बसचा कंडक्टर त्यांच्यावर खेकसला, "बाबूजी, आगे से उतरो!" काकांनी तिथल्या तिथे विचारलं, "लिखा कहाँ है?" कंडक्टरने दारावरची पाटी दाखवली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पाटी शांतपणे वाचली, "बिल्कुल," म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत पुढच्या दाराने उतरले. तोवर त्यांचा स्टॉप मागे पडला होता.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये हा माणूस बरोबर आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहायचा. कुठल्याशा मंत्रालयात अंडर सेक्रेटरी, पन्नाशी उलटलेली, लग्न नाही. लिहिलेलं मात्र ते प्राणपणाने पाळायचे. पुढच्या बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत असं सर्क्युलर निघालं. कॉलनीत एकानेही ऐकलं नाही. काका अख्खा पावसाळा बनियन खोलीत पंख्याखाली वाळवत बसले. जिन्यात कुबट वास सुटला. मी म्हटलं, "काका, कोणी बघत नाही हो!" तर म्हणाले, "लिहिलंय ना, वृंदा." आता काय बोलणार, कपाळ?

माझा मंदार तेव्हा पाच वर्षांचा होता. माझी ओढणी कायम त्याच्या डोक्यावर. घरोघर नुकतीच केबल आली होती, सगळी पोरं क्रिकेटवेडी झालेली. सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हौसेने बॅट आणली. ती पलंगाखाली गेली ती गेलीच. मंदारला बाहुलीची वेणी घालायची असायची, आणि तोंडाने दिवसभर गाणं. सुधीर काही बोलायचा नाही, पण पाहुणे आले की ओढणी हळूच उचलून आत नेऊन ठेवायचा. सासूबाई साताऱ्याहून फोनवर म्हणायच्या, "दृष्ट काढ गं त्याची." मी म्हणायची, अहो, पाच वर्षांचं पोर आहे, खेळू दे की!

मग शाळेने बोलावलं. नवीकोरी, काचेच्या दारांची इंग्रजी शाळा. अॅडमिशनसाठी सुधीरने कुणाकुणाचे पाय धरले होते. टीचर म्हणाली, "मॅम, मंदार गुड़िया-कॉर्नर से निकलता ही नहीं. चुन्नी लेके नाचता है. बाकी पेरेंट्स कंप्लेंट कर रहे हैं." नुसतं एवढंच नाही. तिने सगळ्या वर्गाला उभं करून एका सुरात म्हणवून घेतलं होतं, "लड़के ऐसे नहीं करते." मंदारला पुढे उभं करून! हे सांगताना बाई हसत होती. अस्सा राग आला होता मला!

त्या दिवशी घरी येऊन मंदारने ओढणीची घडी घातली, वेडीवाकडी, आणि माझ्या कपाटात ठेवली. बाहुली बॅटशेजारी पलंगाखाली गेली. गाणं बंद झालं. ओरडला असता, रडला असता तरी चाललं असतं. हे गुपचूप बसणं मला बघवेना.

चार दिवसांनी वर्तक काका खाली आले. "खालून आवाज का येत नाही? मी त्याच्या गाण्यावर दाढी करतो." मी सगळं सांगितलं. काका ऐकून घेऊन वर गेले आणि टाय बांधून परत आले. "चल. प्रिन्सिपलला भेटू."

प्रिन्सिपल मॅडम गोड बोलल्या. घर का माहौल, कराटे क्लास, असं बरंच. काकांनी ते संपू दिलं. मग विचारलं, "मॅडम, लिखा कहाँ है?"

"जी?"

"कि लड़का चुन्नी नहीं ले सकता. लिखा कहाँ है?"

मॅडमनी शाळेची नियमावली चाळली. नखं होती, बुटांचं पॉलिश होतं, हरवलेल्या वॉटर बॉटल होत्या. चुन्नी नव्हती. "मिस्टर वर्तक, ये तो कॉमन सेन्स है."

"कॉमन सेन्स का सर्क्युलर नंबर बताइए, मैं नोट कर लेता हूँ."

मला हसू आवरेना. शेवटी मॅडमनी हात टेकले: खेलने दीजिए, जो खेलना है. स्कूटरवर बसताना काका अगदी तोऱ्यात म्हणाले, "वृंदा, रूल पोझिशन आपल्या बाजूने आहे!"

पण रूल पोझिशनने मंदार गायला लागला नाही. शाळेत कोणी अडवेना, तरी तो हाताची घडी घालून बसायचा. काका रोज जिन्यात विचारायचे, "गायला?" मी मान हलवायची. त्यांना ते कोडंच होतं. नियम नाही, मग अडलंय कुठे?

नवरात्र आलं. क्वार्टर्सपुढच्या लॉनवर आम्हा मराठी बायकांचा भोंडला असायचा. मधे पाटावर खडूने काढलेला हत्ती, भोवती फेर धरून गाणी, शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. दरवर्षी मंदार माझा हात धरून फेरात असायचा. यंदा तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला.

काका ऑफिसातून येत होते. ते थांबले. "तू इथे का?"

"लड़के नहीं करते."

"कुठे लिहिलंय?"

मंदारने त्यांच्याकडे पाहिलं. "कुठेच नाही, काका. सगळ्यांना पता असतं."

आयुष्यात पहिल्यांदा वर्तक काकांना कुणी असं उत्तर दिलं असेल. त्यांनी ब्रीफकेस पायरीवर ठेवली, बूट काढले, मोजे बुटात कोंबले, मंदारचं बोट धरलं आणि सरळ फेरात येऊन उभे राहिले.

"अगोबाई! काका, तुम्ही?" बायका खिदळल्या. वरच्या बाल्कनीतून पंजाबी आंटी बघायला वाकल्या. काकांचे कान लाल झाले, पण हात सोडला नाही.

आता आम्हा दिल्लीवाल्यांना गाणी येतात किती? दोन-तीन. पुढे नुसतं गुणगुणणं. ती संपली आणि आम्ही एकमेकींची तोंडं बघायला लागलो, तेवढ्यात काकांनी पुढचं गाणं उचललं. खणखणीत. त्यानंतर आणखी एक. एक शब्द अडला नाही, एक पाऊल चुकलं नाही. खिदळणं कधी थांबलं कळलंच नाही. आम्ही त्यांच्या मागून म्हणायला लागलो. आणि त्यात मला एक बारीक आवाज ऐकू आला. माझ्या मंदारचा! मी मान वळवली नाही. वळवली तर तो थांबेल अशी भीती वाटली.

खिरापत दाण्याच्या वड्यांची होती. लॉनवर बसून खाताना मंदारने विचारलं, "काका, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आईने. आम्ही सगळे भाऊच. मी आळीतल्या मुलींच्या भोंडल्यात जायचो. तुझ्याहून थोडा मोठा होतो. एकदा वडिलांनी पाहिलं. फेरातून हाताला धरून ओढत घरी नेलं. मग नाही गेलो."

"तुम्ही विचारलं नाही? कुठे लिहिलंय?"

काकांनी हातातली वडी मोडली. "तेव्हा सुचलंच नाही रे. सुचलं तोवर वडील गेले होते." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "तेव्हापासून बाकीच्यांना विचारत सुटलोय."

मंदारने तोंडातली वडी घाईघाईने गिळली, उठला, काकांचा हात धरला आणि ओढतच त्यांना परत हत्तीपाशी घेऊन गेला.