आपटेकाका आणि पिवळा दिवा

आपटेकाकांचा आमच्या दूधवाल्या भैयावर जेवढा विश्वास होता, तेवढासुद्धा ट्यूबलाइटवर नव्हता. दुकानात नवा दिवा दिसला की ते तो कानाशी धरून हलवत, त्याचा वास घेत आणि "यात पाणी मुरतंय!" म्हणून परत ठेवत.

लखनौत अलीगंजला आमच्या बँकेची कॉलनी होती. नव्वदचं दशक सरत आलेलं. सरकारला वीजबचतीची हुक्की आली आणि मागोमाग हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं. क्वार्टर्समध्ये चाळीस वॅटच्या वरचा पिवळा बल्ब चालणार नाही. ट्यूब लावा, नाहीतर तो नवा सीएफएल. मोठे बल्ब सापडले तर जप्त. आणि तपासणी कोणी करायची? कॉलनीच्या सेक्रेटरीनं. म्हणजे अस्मादिकांनी. घ्या!

मीटिंगमध्ये रण माजलं. वरच्या मजल्यावरचे मिश्राजी म्हणाले, "भाईसाहब, जो बिजली आती ही नहीं, उसे बचाएँ कैसे?" मी म्हटलं, "अहो, देशासाठी एवढं करायला नको?"

आपटेकाका ताडकन उठले. "देश आजच कसा आठवला? ट्यूबच्या उजेडात धड सावली पडत नाही. जो उजेड सावली पाडत नाही, तो काहीतरी लपवतोय. यात पाणी मुरतंय!"

सगळे हसले. मीही पोट धरून हसलो.

तपासणीला मी त्यांच्याकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा दाराची साखळी न काढताच ते म्हणाले, "काकू झोपलीय." दुसऱ्यांदा म्हणाले, "फरशी ओली आहे." तिसऱ्यांदा त्यांनी चक्क माझं ओळखपत्र मागितलं.

"काका, मी जोशी! दहा वर्षं शेजारी राहतोय!"

"म्हणून तर," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आता संशय मला यायला लागला. काकू मंगळवारी देवळात गेली की हा गृहस्थ स्टुलावर चढलेला खिडकीतून दिसायचा. एकदा चौकातून येताना कोटाखाली खोका लपवलेला मी स्वतः पाहिला. म्हटलं, थांबा, पकडतोच तुम्हाला.

जानेवारीतली दुपार होती, बाहेर धुकं दाटलेलं. या खेपेला दार काकूनं उघडलं. आत लख्ख पिवळा उजेड. खुर्चीवर तिचं लखनवी चिकनचं भरतकाम पडलं होतं. ही कला ती चौकातल्या एका बाईकडून शिकली होती, आणि कॉलनीत मूल जन्मलं की तिच्या हातचं झबलं ठरलेलं. माझी मिनी तेच घालून दवाखान्यातून घरी आली होती. खुर्चीच्या अगदी वर, लांब वायरला, बल्ब लोंबत होता. दोनशेचा!

काका धावत आले आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"पांढऱ्या कापडावर पांढरा टाका, जोशी. टाक्याची सावली पडली तरच तो तिला दिसतो." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिच्या डोळ्यांचा पडदा जातोय. डॉक्टरांनी हात टेकलेत. तिला मी सांगितलेलं नाही. दिसेनासं व्हायला लागलं की बल्ब बदलतो. चाळीसचा साठ, साठचा शंभर. ती म्हणते, माझे डोळे अजून ठणठणीत आहेत. तेवढं राहू दे रे."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातला फॉर्म कुठं लपवू असं झालं. एवढ्या मोठ्या संशयी माणसानं सगळ्या जगापासून लपवलं होतं ते हे.

निघताना काकूनं माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. काका आत कपबश्या विसळत होते. तिनं आत एकदा कान दिला आणि हळूच म्हणाली, "बल्ब मोठा झाला ना, की हाताला ऊब जास्त लागते. मला दर वेळी कळतं."

मी लाडू रुमालात गुंडाळला.

"त्यांना सांगू नकोस हं," ती म्हणाली. "बिचारे खूश असतात."

जिन्यातच मी फॉर्म भरला. क्वार्टर नंबर सात. बल्ब एक, चाळीस वॅट. समक्ष तपासला. आणि खाली सही ठोकली.