पुढील आदेशापर्यंत करुणा मॅडम

सणसरच्या सहकार फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर दाढ काढायला म्हणून पुण्याला गेले आणि परत आले नाहीत. तोवरचे सगळे सामने संघ हरला होता, त्यामुळे त्यांची दाढ खरोखर दुखत होती का, याची चौकशी क्लबने केली नाही. कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली, चहा झाला आणि सहायक प्रशिक्षक करुणा मॅडम यांच्याकडे 'पुढील आदेश होईपर्यंत' प्रशिक्षकपदाचा प्रभारी कार्यभार सोपवण्यात आला. पुढील आदेश कोण देणार, असं कोणी विचारलं नाही. देणारा एकच होता.

ते म्हणजे साखर कारखान्याचे आणि क्लबचेही अध्यक्ष आबासाहेब. मागे एकदा ते उसाचे नवे वाण पाहायला ब्राझीलच्या अभ्यासदौऱ्यावर गेले होते. तिथे ऊस लांब होता आणि ऊन कडक होतं, म्हणून सगळं शिष्टमंडळ स्टेडियमच्या सावलीत बसून फुटबॉल पाहून आलं. परतल्यावर आबासाहेबांनी जाहीर केलं, "जितं ऊस हाय, तितं फुटबॉल हाय. आपल्याकडं ऊस हाय." पुढचा निष्कर्ष काढण्यासाठी कुस्तीचा आखाडा सपाट करण्यात आला आणि क्लबची स्थापना झाली.

करुणा मूळची डाळजची. विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, प्रशिक्षणाच्या परीक्षा पास झालेली आणि तोंडाने फटकळ. तिने कार्यभार घेताच दोन गोष्टी केल्या. संचालकांच्या मुलांना बाकावर बसवलं आणि पळू शकणाऱ्यांना मैदानात आणलं. जगात इतरत्र ही रीत जुनी असेल, पण सणसरला तो क्रांतिकारक प्रयोग वाटला. संघ जिंकला. पुढच्या आठवड्यात परत जिंकला.

तालुक्याच्या रीतीप्रमाणे तिचा सत्कार झाला. नंतर प्रत्येक विजयाला एक सत्कार, एक शाल, एक नारळ आणि चौकात एक फ्लेक्स. विजय वाढत गेले तसा फ्लेक्सही वाढत गेला. आबासाहेबांचा फोटो दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला, तर करुणाचा खाली कोपऱ्यात, फ्लेक्स छापणाऱ्याच्या नावाशेजारी आला. त्याखाली कंसात 'प्रभारी' एवढं मात्र ठळक होतं.

"आनखी किती शाली आननार हाईस?" तिची आई तुळसा म्हणाली. "ऑर्डर कवा देनार त्ये इचार की."

करुणाने विचारलं. क्लबच्या कचेरीत आबासाहेब, सचिव हिंदुराव आणि इतर संचालक बसले होते. ती सरळ म्हणाली, "अर्धा हंगाम काम मी करतेय. निकाल तुमच्या समोर हायेत. मला कायम करा."

संचालक एकमेकांकडे बघू लागले. इथे आजवर कोणी काही मागितलं नव्हतं असं नाही, पण मागताना उभं राहून, खाली बघून मागायची पद्धत होती. ही खुर्चीवर बसून मागत होती.

"पोरी," हिंदुराव म्हणाले. जिंकल्यावर ते तिला मॅडम म्हणत आणि मागितल्यावर पोरी. "घाई कशाला? इचार करू."

ती बाहेर गेल्यावर विचार सुरू झाला.

"कायम केल्याला मानूस आन् तोडल्याला ऊस," हिंदुराव म्हणाले, "दोनी लगीच वाळत्यात. ती जितीया कशामुळं? कायम न्हाय म्हनून. कायम केली की बसंल खुर्चीत."

"तुमी सचिव कायम हाय ना हिंदुराव?" एका संचालकाने निरागसपणे विचारलं.

"माझी गोष्ट येगळी. मी पयल्यापास्नंच बसल्याला हाय."

"आन् तसं आपल्यात जातपात न्हाय," दुसरा म्हणाला, "पन..."

'पण'च्या पुढचं वाक्य त्याने उच्चारलं नाही. त्याची गरजच पडली नाही. सगळ्यांनी एकदम मान डोलावली आणि बैठक अत्यंत पुरोगामी वातावरणात पुढे सरकली.

अस्थायी माणूस जिंकून देतो, हा सिद्धांत एकदा मान्य झाल्यावर तो फक्त प्रशिक्षकापुरता ठेवणं हा इतरांवर अन्याय ठरला असता. म्हणून ठरावाने कर्णधार प्रभारी झाला, आघाडीचे खेळाडू हंगामी झाले आणि गोलरक्षक बाजीराव यांच्याकडे गोलजाळीचा तात्पुरता अतिरिक्त कार्यभार देण्यात आला.

भिगवणच्या सामन्यात याचा परिणाम दिसला. विरुद्ध संघाला पेनल्टी मिळाली. चेंडू सरळ बाजीरावकडे आला. बाजीराव अदबीने बाजूला झाला. गोल झाला आणि सामना गेला.

"अडवला का नाहीस?" करुणा मैदानातच ओरडली.

"मॅडम, पेनल्टी म्हंजी धोरनाचा प्रश्न. प्रभारी मानसानं धोरनात्मक निर्नय घ्यायचा नसतू, आसं हिंदुरावांनीच सांगितलंया. उद्या चौकशी लागली तर?"

करुणाने डोक्याला हात लावला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाजीराव, मीपण प्रभारीच हाय. पुढची पेनल्टी अडव. चौकशी लागली तर माझ्या नावावर."

त्या पराभवाने कार्यकारिणीला मनापासून आनंद झाला. "बघा! कायम केली न्हाय म्हनून वाचलो," हिंदुराव म्हणाले. पुढच्या सामन्यात बाजीरावने पेनल्टी अडवली आणि संघ जिंकला. तेव्हा ते म्हणाले, "बघा! कायम न करताबी चालतंय की." हरली तर लायक नाही आणि जिंकली तर गरज नाही, अशा रीतीने विषयाचा सर्व बाजूंनी अभ्यास पूर्ण झाला.

मग बारामतीहून निरोप आला. तिथल्या एका नव्या क्रीडा प्रबोधिनीला मुलींच्या संघासाठी कायम प्रशिक्षक हवी होती. करुणा आबासाहेबांच्या बंगल्यावर गेली.

"मला तिकडं जायचं न्हाय आबासाहेब. हा संघ मी उभा केलाय. ही पोरं माझ्या शब्दावर जीव टाकतात. तुम्ही हो म्हणा, मी बारामतीला नाही म्हणते."

आबासाहेबांनी दुखावल्यासारखा चेहरा केला. "आगं, तू घरची. घरच्या मानसाला कोन ऑर्डर देतं व्हय?"

"रणजितदादांना दिली होती ना, दूध संघाची? ते तर अगदी घरचे."

रणजित हा आबासाहेबांचा पुतण्या. आबासाहेबांनी तिला थंड ताक दिलं आणि नियमाप्रमाणे जाहिरात काढण्याचं आश्वासन दिलं.

जाहिरात निघाली. उमेदवारास कायम पदाचा अनुभव असावा, प्रभारी काळ अनुभव म्हणून धरला जाणार नाही, अशी अट होती. रणजितने अर्ज केला. दूध संघातून तो केव्हाच बाहेर पडला होता, पण गणेश मंडळाचा तो कायम अध्यक्ष होता. फुटबॉलशीही त्याचा संबंध होता. काकांनी ब्राझीलहून आणलेला पिवळा टी-शर्ट तो अजून वापरत असे.

हंगामाच्या शेवटच्या चषकाचा अंतिम सामना इंदापूरला झाला. समोर बारामतीचा तगडा संघ होता. सणसर अर्धं तिकडे लोटलं होतं. उत्तरार्धात सणसरचा एक खेळाडू लंगडत बाहेर आला, तेव्हा करुणाने घसा बसेपर्यंत ओरडून उरलेल्या पोरांना मागे ओढलं, दम घ्यायला लावलं आणि शेवटी एकदम पुढे सोडलं. गोल झाला. शिटी वाजली आणि ती तिथेच मातीत बसून रडली. लोकांनी तिला खांद्यावर उचललं.

"कायम करा, कायम करा! करुणा मॅडम कायम करा!"

मैदान दुमदुमलं. बाजीराव ओरडत होता, संचालक ओरडत होते. चॅनेलवाल्याचा कॅमेरा वळला तेव्हा आबासाहेबसुद्धा मूठ वर करून ओरडले. मागणी कोणाकडे चालली आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण भावनेच्या भरात त्यांनी स्वतःलाच साकडं घातलं.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात क्लबची वार्षिक सभा भरली. कालचे सगळे लोक आले होते. खुर्च्या कमी पडल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. करुणा पहिल्या रांगेत तुळसाशेजारी बसली होती. बारामतीला ती संध्याकाळपर्यंत उत्तर देणार होती.

हिंदुरावांनी ठराव वाचला. प्रशिक्षकपदी रणजित यांची कायम नेमणूक. करुणा मॅडम यांचे अभिनंदन. नव्या प्रशिक्षकांना खेळाचे नियम समजेपर्यंत मॅडमनी प्रभारी सहायक म्हणून मार्गदर्शन करावे, अशी विनंती.

आबासाहेब माईकपाशी आले. आवाज लोण्यासारखा होता. "आपला क्लब लोकशाहीवर चालतू. कुनाचा विरोध आसंल, तर मोकळ्या मनानं हात वर करा. मी सोता नावं बगतो."

त्यांनी चष्मा घातला.

कोणाच्या शेतातला ऊस तोडीची वाट बघत उभा होता आणि तोड कधी येणार हे आबासाहेबांच्या फोनवर अवलंबून होतं. कोणाचा मुलगा त्यांच्या संस्थेत शिक्षक होता, अर्थातच तात्पुरता. कोणाच्या सुनेची बदली अडली होती. बाजीरावला कारखान्यात चिकटायचं होतं. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

"एक बी हात न्हाय? वा! एकमतानं मंजूर."

टाळ्या वाजल्या. कालच्यापेक्षा जरा जास्तच, कारण टाळीला दोन्ही हात लागतात आणि ते छातीच्या वर न्यावे लागत नाहीत.

करुणा उठली. मागे वळून तिने सगळ्या सभागृहावरून एकदा नजर फिरवली. ती चिडलेली नव्हती. काल ज्यांच्या खांद्यावर ती बसली होती ते खांदे कोणते, एवढंच ती ओळखू पाहत असावी. मग म्हणाली, "आई, चल. बारामतीची एस्टी लागली असंल."

"मॅडम, सत्कार राहिलाय!" हिंदुराव ओरडले.

ती थांबली नाही.

पुढच्या हंगामात रणजित कायम राहिला आणि पराभवही. सणसरच्या चहाच्या टपरीवर लोक अजून हळहळतात. पोरीवर अन्याय झाला, असं उघड बोलतात. मात्र बोलण्याआधी रस्त्यावर आबासाहेबांची गाडी नाही ना, एवढं पाहून घेतात.

हे वाचून तुम्हाला चीड आली असेल. काय ही माणसं, आपण तिथे असतो तर नक्की हात वर केला असता, असंही मनात आलं असेल. ते स्वाभाविक आहे. त्या दिवशी सभेहून घरी गेलेल्या प्रत्येकाने जेवताना बायकोला नेमकं हेच सांगितलं, "मी करनारच हुतो गं हात वर. पन दुसरं कुनी करतंय का, बगत हुतो."