भोयरकाकांचं रविवारचं रीडिंग

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे भोयरकाका कोणाच्याही दारात गेले तरी बेल वाजवत नाहीत. आधी डोळे मिटतात, मान जराशी वर करतात आणि नाकाने एक लांब श्वास ओढतात. मग बाहेरूनच सांगतात, "वहिनी, आज वरणाले हिंग जास्त झाला." आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यात माझ्या बायकोने हे वाक्य दाराआडून ऐकलं आणि दार उघडलंच नाही. संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा वरणात हिंग खरंच जास्त होता.

काका वीज मंडळाच्या नोकरीत घरोघरचं मीटर बघायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी यवतमाळच्या गल्ल्या पायी तुडवल्या. तेव्हा मीटर घरात असायचं, कोणाचं ओसरीवर, कोणाचं थेट स्वयंपाकघराच्या दारावर. त्यामुळे महिन्यातून एकदा गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत काकांचं नाक पोचायचं. आकडे बिलात गेले आणि संपले, वास मात्र डोक्यात राहिले. आजही एखाद्याचं नाव घेतलं की काका त्याचा चेहरा आठवत नाहीत. म्हणतात, "तो व्हय, पिवळा बंगला. मंगळवारी अंबाडीची भाजी."

नोकरी सुटली तरी तिची भाषा सुटली नाही. वास घेणं म्हणजे 'रीडिंग घेणं'. न आवडलेली कुठलीही वस्तू 'फॉल्टी', त्यात माझी स्कूटर आणि सध्याची हवा दोन्ही आली. आणि जो माणूस तोंड उघडत नाही तो 'लॉक'. पूर्वी घराला कुलूप असलं की वहीत 'लॉक' लिहून मागच्या महिन्यांच्या सरासरीवर बिल काढायचे, तिथून तो शब्द आला. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि थोडा जास्त बोलतो. माझ्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं आहे. "मास्तर, तुमचं मीटर लय पळते. भार तर काईच दिसत नाई."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी काकांनी जिन्याखाली एक पाटी लावली. 'पायी यवतमाळ व घरचा स्वयंपाक. दर रविवारी सकाळी आठ. चपला जुन्या घालाव्यात.' त्यांच्या पुण्याच्या भाच्याने ती पाटी जशीच्या तशी इंटरनेटवर टाकली आणि आश्चर्य म्हणजे माणसं यायला लागली. कोणी टिपेश्वरचे वाघ बघायला निघालेले, कोणी लग्नासाठी आलेले, कोणी नुसतेच हौशी. काका त्यांना गावभर फिरवणार, फिरता फिरता जिन्नस गोळा करणार आणि शेवटी वर नेऊन काकूंच्या हाताखाली गोळाभात शिकवणार, असा कार्यक्रम.

आता गाव दाखवायचं तर माणूस काहीतरी दाखवतो. काका काहीच दाखवत नाहीत. पहिला थांबा डाळ भरडायला मुरलीभाऊची पिठाची चक्की, दुसरा घरच्या चिंचेसाठी रहीमभाईंचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान, तिसरा कढीपत्त्यासाठी नलूताईंचं अंगण. एका पाहुण्याने विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले, "पाह्याचं कायले? वास घ्या न." अत्तर लावून आलेल्या माणसाला ते रांगेच्या शेवटी चालवतात, त्याच्यामुळे पुढच्यांचं रीडिंग बिघडतं म्हणून. आणि प्रत्येक थांब्यावर बोलल्याशिवाय कोणाला हलू देत नाहीत. नुसतं सामान घेऊन निघालेल्याला परत पाठवतात. "त्यायले इचारलं का, तब्येत कशी हाये?"

मग सगळे आमच्या लोखंडी गोल जिन्याने वर चढतात. हा जिना इतका उभा आहे की गॅसचं सिलेंडर आणणारा माणूस दर वेळी नोकरी सोडायची भाषा करतो. शशीकाकूंचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्या या जिन्याने खाली उतरलेल्या नाहीत. खुर्चीत बसून शिकवतात आणि अगदी कमी बोलतात. "डाळीचा भरडा जाडा पाह्यजे. तेल, तिखट, हळद. घट्ट मळा. भात अर्धा झाला की गोळे वर ठेवा." भात वाफेवर मुरतो, चिंचेचं सार उकळतं, वास सगळ्या जिन्यात उतरतो. पाहुणे ताटं घेऊन बसतात.

आणि तेव्हा काका मीटरची जुनी वही काढून म्हणतात, "आता तोंडी."

गोळाभातावर लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी लागते, तिच्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही. आणि तोंडी परीक्षा झाल्याशिवाय काकू फोडणी करत नाहीत. एकेकाने उठून सांगायचं, काय पाहिलं, कोण भेटलं, काय शिजत होतं. चक्कीवाला कोणत्या रंगाच्या बनियानवर होता इथपर्यंत प्रश्न. एक बाई म्हणाल्या, "सगळं खूप छान होतं." काका म्हणाले, "छान म्हंजे किती युनिट?" भुकेने कासावीस झालेले सुशिक्षित लोक चक्कीवाल्याचं बनियान आठवताना मी माझ्या डोळ्यांनी बघितले आहेत. मला वाटायचं, सरकारी नोकरी माणसाच्या रक्तात उतरते ती अशी.

गेल्या दिवाळीनंतर काकांचा घसा बसला. नुसता बसला नाही, पार झोपला. डॉक्टरांनी आठ दिवस बोलायला आणि बाहेर पडायला बंदी घातली. शनिवारी त्यांनी मला वर बोलावलं आणि वहीत लिहून दाखवलं, 'उद्या तीन जण येणार. तुम्ही न्या. रविवार लॉक पडू देऊ नका.'

काकू खुर्चीतून म्हणाल्या, "राहू द्या न जी. एखादा रविवार नाई झाला तर काय बिघडते."

काकांनी 'लॉक पडू देऊ नका'खाली दोन रेघा मारल्या. मग तिन्ही थांबे लिहिले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, 'बोलूनच निघा.'

खरं सांगायचं तर मी खूश झालो. या गावाला इतिहास आहे आणि तो सांगणारा माणूस जिन्याखाली वाया चालला आहे, हे माझं जुनं दुःख. रविवारी पुण्याचं एक जोडपं आणि नागपूरची एक मुलगी आली. मी काकांचा कागद खिशात घातला आणि तिघांना इंग्रजांच्या काळातली कचेरी दाखवली. मग छोट्या रेल्वेचं जुनं स्टेशन दाखवलं आणि तिथे उभा राहून पाऊण तास कापसाच्या व्यापारावर बोललो. पुण्याच्या गृहस्थांनी दोनदा घड्याळ बघितलं, ते मी वेळेचं भान समजलो. उरलेला वेळ बागेत गेला. चक्की राहिली, रहीमभाई राहिले, नलूताई राहिल्या. सामानाचं मी वाटेतल्या मोठ्या दुकानात भागवलं. बेसनाचं पाकीट, चिंचेच्या कोळाची बाटली. कढीपत्ता विसरलोच.

वर गेलो तर काकू तयार होऊन बसल्या होत्या. नवं लुगडं, केस विंचरलेले. काका पलंगावर, गळ्याला मफलर, मांडीवर वही. मी पाकीट पुढे ठेवलं. काकूंनी ते उलटसुलट करून बघितलं.

"मास्तर, हे बारीक बेसन हाये. याचे गोळे भातात फुटतीन. याचं पिठलं होईन."

"मग पिठलं शिकवा," मी हसून म्हणालो. कोणी हसलं नाही.

काकूंनी पाकीट बाजूला ठेवलं आणि नागपूरच्या मुलीला हळूच विचारलं, "चक्कीत पडदा हाये का अजून?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मुरलीभाऊ आणि त्याचा भाऊ भांडले होते आणि चक्कीच्या मधोमध पडदा लावून दोघं दोन बाजूंना बसत होते, हे मला माहीत होतं. पण आज आम्ही तिकडे गेलोच नव्हतो.

"रहीमभाईची अम्मी डोळ्याचं ऑपरेशन करून आली का नागपूरहून?"

पुण्याच्या बाई म्हणाल्या, "आम्ही स्टेशन पाहिलं."

"बरं. नलूच्या अंगणातला शेवगा? वादळात पडलता म्हने."

पुण्याचे गृहस्थ कोळाच्या बाटलीवरचं लेबल वाचायला लागले. काकू म्हणाल्या, "म्हंजे आज लॉक. राहू द्या. मागच्या रविवारच्या सरासरीवर भागवू."

काकांनी वही उघडली, एक शब्द लिहिला आणि भिंतीकडे बघत बसले. मला राग आला. इतका घसा कोरडा केला त्याचं काही नाही, आणि पडदा काय, शेवगा काय. मी म्हणालो, "काकू, या गोष्टींचा गोळाभाताशी काय संबंध?"

"गोळाभाताशी काई नाई," काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "माहं माहेर झरी जामणीकडचं, जंगलातलं. इथं आली तवा कोणाले ओळखत नोती. हे रोज घरी येऊन सांगत, आज याच्या घरी हे शिजून राह्यलं होतं, त्याची सून रुसली, तिले पोरगी झाली. मी दुसऱ्या दिवशी तेच रांधो. सारं गाव मले यायच्या बोलण्यातून भेटलं. मंग मीच जाऊ जाऊ ओळखी केल्या. पुढं गुडघे गेले. अन् हे रिटायर झाले. दोघंबी घरात. बोलाचं काय? दिवस दिवस आमी दोघं लॉक. सकाळी चहा, रात्री गोळ्या, मधात काईच नाई." त्यांनी काकांकडे पाहिलं. "तवा यायनं ही पाटी काढली. एकट्यानं सांगतलं त एका माणसाची गोष्ट होते. चार जन आले त चार होते."

काकांनी मफलर उगाच घट्ट केला.

मला मनापासून लाज वाटली. दोन वर्षं मी त्या परीक्षेला हसत होतो आणि ती परीक्षा पाहुण्यांची नव्हतीच. शेवटी पुण्याच्या बाईच उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. "चला सर, भरडा आणावा लागेलच ना."

आम्ही चौघं परत निघालो. चक्कीत पडदा नव्हता. मुरलीभाऊ आणि त्याचा भाऊ एकाच बाकावर बसून एकाच ताटलीतले पोहे खात होते आणि पडदा धान्याच्या पोत्यावर पांघरला होता. डाळ भरडून होईपर्यंत दोघं आळीपाळीने आम्हाला सांगत होते की चूक दुसऱ्याची होती. रहीमभाईंच्या दुकानात अम्मी काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या आणि आता दिसतंय म्हणून दुकानातला सगळा कचरा रहीमभाईंना बोटाने दाखवत होत्या. त्यांनी घरची चिंच कागदात बांधून दिली. "शशी को बोलना, मेरे वास्ते दो गोले रखना. तिखट कम."

नलूताईंच्या दारात मी थांबलो. का कोण जाणे, डोळे मिटले आणि श्वास ओढला. नागपूरच्या मुलीने फोटो काढला असावा, पण मी डोळे उघडले नाहीत.

शेवगा बुडापासून मोडला होता. त्याच बुडाला कमरेएवढा नवा धुमारा फुटला होता. नलूताईंनी कढीपत्ता तोडून दिला, एकेक देठ बघून, खूप वेळ लावून. मग विचारलं, "शशी उतरली का खाली?"

"नाही अजून."

"मंग म्हना तिले, पुढच्या रविवारी मीच येईन वर. माह्ये गुडघे चालते अजून. थो जिना काय मले खाते?"

वर आलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. गोळे वळले गेले, भात झाला, ताटं मांडली. भूक इतकी लागली होती की पुण्याचे गृहस्थ रिकाम्या ताटाकडेही प्रेमाने बघत होते. पण कोणी फोडणीचं नाव काढलं नाही. पुण्याच्या बाई स्वतःहून उभ्या राहिल्या आणि चक्कीचं सांगितलं, पोह्यांसकट. गृहस्थांनी अम्मींचा चष्मा सांगितला आणि दोन गोळ्यांचा निरोप दिला. काकूंनी तिथल्या तिथे दोन गोळे वाटीत काढून ठेवले. मुलीने शेवग्याच्या धुमाऱ्याची उंची हाताने दाखवली.

मी शेवटचा. मी नलूताईंचा निरोप सांगितला. काकूंनी पदर सारखा केला, मग पुन्हा केला. "ह्या जिन्यानं? पडन ते बाई," त्या म्हणाल्या, पण चेहरा दुसरंच काही सांगत होता. मग त्यांनी विचारलं, "काय शिजत होतं तिच्याकडं?"

"मेथी," मी म्हणालो. "आणि जरा करपल्यासारखा वास होता."

काकू हसल्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "नलूचं करपतेच. मी आली तवापासून करपते."

त्यांनी गॅस मोठा केला. लसूण पडला, मिरच्या पडल्या आणि तेल तडतडलं. पलंगावर काकांनी वही माझ्याकडे वळवली. त्या रविवारपुढे सकाळी 'लॉक' लिहिलेलं होतं. काकांनी ते खोडलं, नीट आडवी रेघ मारून, सरकारी कागदावर मारतात तशी. आणि पुढे लिहिलं, 'नलूकडे मेथी. करपली. शशी हसली.'