आपले गेले!

मी मनाचा एकदम पक्का माणूस आहे. एकदा ठरवलं की ठरवलं! म्हणूनच या मोसमात आमच्या शहराचा बास्केटबॉल संघ सलग चौदावा सामना हरला, तेव्हा मी बायकोला ठणकावून सांगितलं, "आजपासून तो संघ मला मेला!"

"मागच्या वर्षीही मेला होता," कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली.

चिडू नको तर काय करू? बक्कळ पगार घेणारे सात-सात फुटी गडी, आणि समोरच्या रिंगमध्ये चेंडू जात नाही! आमचा कप्तान फ्री थ्रो मारायला उभा राहिला की बोर्डामागचे प्रेक्षक आधी आपलं डोकं सांभाळतात.

पण खरी अडचण अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते दोन बसस्टॉप पलीकडे एकटेच राहतात. आम्हा बापलेकांत या संघाशिवाय दुसरा विषयच नाही. "औषध घेतलंत?" "हो." झालं, संपलं बोलणं! मग संघाला दोघं मिळून शिव्या घालायला लागलो की अर्धा तास कसा जातो कळत नाही. संघ सोडला तर त्या अर्ध्या तासाचं काय, हे मला कळत होतं, पण वळत नव्हतं.

त्या बुधवारी सामना दुपारचा होता. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या टेबलावर बसतो. निम्मे लोक नळाला पाणी नाही म्हणून ओरडतात, निम्मे पाईप फुटला म्हणून. चारला फोन वाजला. अण्णा!

"आपले गेले," ते म्हणाले.

"गेले?" मी केवढ्यांदा ओरडलो! सगळं ऑफिस चिडीचूप. "असे कसे गेले? जेवणाच्या सुट्टीत तर बरे होते!" (हो, पाहिलं होतं मी मोबाइलवर. चोरून!)

"शेवटच्या सहा सेकंदांत."

"सहा सेकंदांत! पण जीव होताच कुठे? पाय उचलत नव्हते, दम पुरत नव्हता! बरं झालं, सुटलो एकदाचा! आणि यापुढे मला फोन करू नका. माझा काही संबंध नाही!"

मग अण्णा हळूच "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ते 'बरं' माझ्या छातीत रुतलं. मी टेबलावर डोकं टेकलं.

मान वर केली तर समोर साहेब! डोळ्यांत पाणी! हा माणूस अंगात ताप असला तरी रजा देत नाही.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "खूप जीव होता ना तुमचा?"

"लहानपणापासून, साहेब."

"जाणाऱ्याला कोण अडवणार? तीन दिवस रजा घ्या."

हेडक्लार्क बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. शेजारच्या टेबलावरचा टाचणी, जो टोचून बोलल्याशिवाय 'गुड मॉर्निंग'ही म्हणत नाही, तोसुद्धा पाठीवरून हात फिरवून गेला. मला भरून आलं. म्हणजे सगळं ऑफिस आपल्याच संघाचं! आणि इतकी वर्षं लपवून ठेवलं लेकाच्यांनी!

मी तडक अण्णांकडे निघालो. बस चुकली, मग चालतच गेलो. 'अण्णा, चुकलो' एवढंच म्हणायचं होतं, पण वाटेत दहादा घोकलं.

अण्णा गेल्या महिन्यात दवाखान्यात होते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांना पाहिलेलं कुणीच नव्हतं. माझ्या फायलीत पत्ता लग्नाआधीचा, म्हणजे अण्णांच्याच घराचा. साहेब आणि टाचणीला घेऊन सांत्वनाला निघालेली ऑफिसची गाडी माझ्या आधी तिथे पोचली. दार उघडलं ते अण्णांनी, अंगात संघाची जर्सी! साहेबांना वाटलं, असेल कुणी नातेवाईक. त्यांनी पांढरी फुलं पुढे केली.

"आम्ही त्याच्या ऑफिसातले. फारच अचानक हो! आत्ता चारला बातमी आली."

मी जिना चढून आलो, तर अण्णा उंबऱ्यातच बसलेले. मांडीवर फुलं. साहेब फायलीने वारा घालत होते.

"चारलाच बोललो हो मी त्याच्याशी," अण्णा पुटपुटत होते. "फोन करू नका म्हणाला."

"अण्णा!"

साहेब ताडकन उठले. "हे अण्णा? मग गेलं कोण?"

"आपले!" मी म्हणालो. "एका पॉइंटने!"

अण्णा भिंतीला धरून उठले. आधी एक सणसणीत कानाखाली! मग घट्ट मिठी. कळत्या वयापासून त्यांनी मला असं कधी जवळ घेतलं नव्हतं. 'चुकलो' म्हणायचं राहूनच गेलं, मी नुसता रडलो. टाचणीही रडला, पण तो ते मान्य करत नाही.

साहेब मात्र रडले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे रजा रद्द केली आणि फुलं परत घेऊन गेले.

आता एकवीस झाले सलग. संघ काही मी सोडला नाही. मनाचा पक्का आहे ना! सामना संपला की टेबलावरचा फोन वाजतो, ऑफिस कान टवकारतं, हेडक्लार्क बाई उगाच ग्लास भरून ठेवतात. आणि पलीकडून अण्णा आधी घसा खाकरून घेतात.

"मी आहे रे. ते गेले."