दिलीप आणि पोट नसलेला ढोल

दिलीप आमच्याकडे आला की दारावर टकटक करतो, आणि दार उघडलं तरी थांबत नाही. मी समोर उभी, हात पिठाचे, आणि हा उघड्या दारावर बोटाच्या पेराने वर, खाली, कडीजवळ वाजवत मान तिरकी करून ऐकतोय. "दिलीपभाऊ, दार उघडलंय," म्हटलं की म्हणतो, "कळलं वो वैनी. पण दार बोलायला लागलं होतं, मधीच कसं तोडायचं?"

चौक गावात, जुन्या हायवेच्या कडेला माझी खानावळ आहे. मागे आम्ही राहतो आणि आमच्या भिंतीला भिंत लावून दिलीप. चाळिशी ओलांडलेला, काटकुळा, एका जागी दोन मिनिटं बसला तर ताप आलाय समजावं. धंदा पाण्याच्या जळलेल्या मोटारी तार गुंडाळून नव्याने बांधायचा. पण जीव सगळा हिपहॉपच्या बीटमध्ये. हिपहॉप म्हणजे काय ते मला त्याच्यामुळेच कळलं. गाणारा गात नाही, ठेक्यावर तालात बोलतो. आणि तो ठेका जो बनवतो तो दिलीप. त्यात एक असते किक, ती छातीत धप्प बसायला हवी. दुसरी स्नेअर, ती फाडकन कानाखाली. एवढ्या दोन आवाजांसाठी ह्या माणसाने आमचा संसार वाजवून काढला.

माझा भाताचा मोठा टोप त्याने उपडा घालून वाजवला. पाण्याचं पिंप अर्धं रिकामं करून वाजवलं, मग पूर्ण रिकामं करून, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांना हात धुवायला पाणी नाही. माझ्या नवऱ्याच्या, सुरेशच्या टेंपोचा फाळका तर तो दिवसातून कितीदा आपटायचा. सुरेश ओरडायचा, "दिल्या, बिजागरी तुटंल रं!" दिलीप हात वर करून म्हणायचा, "दादा, बोलू नका, तुमीपण आत येताय." मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच असायचं. फाळक्याच्या त्या स्नेअरच्या मागे सुरेशची शिवी अजून बारीक ऐकू येते म्हणतात.

नवीन कपाट घेतलं तेव्हा शेजारणी रंग बघायला आल्या. दिलीपने त्याला कान लावला, बुक्की मारली आणि हळहळला. "घेताना वाजवून नाय घेतलंत? ह्याला पोट नाय."

पोट नाय. हा त्याचा शेवटचा निकाल. ज्या आवाजाला खालून भरीवपणा नाही त्याला पोट नाय. मग ते आवाजापुरतं राहिलं नाही. पुढाऱ्याच्या भाषणाला पोट नाय, सुरेशच्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला पोट नाय. (त्याला खरं तर चांगलंच होतं.) एकदा माझ्या आमटीला पोट नाय म्हणाला. त्या दिवशी मी त्याला आमटी वाढली नाही. हा कोरडा भात खात ताटावर चमचा वाजवत बसला, त्याला कळलंही नाही.

एकदा कुणीतरी सांगितलं की गुहेत आवाज भारी येतो. झालं, हा गादीची वळकटी खांद्यावर टाकून कोंडाण्याच्या लेण्यांकडे चढला. गादीवर काठी मारायची आणि ते रेकॉर्ड करायचं. वाटेत फिरायला आलेल्यांनी विचारलं, "काका, वर राहायची सोय आहे का?" संध्याकाळी परत आला तो चिडून. "नुसता रस्सा झाला वैनी. घुमून घुमून फोड कुठली कळंना. आवाज मुळात सुका घ्यायचा, घुमवायचं काय ते नंतर." दुसऱ्या दिवशी त्याने खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि माझ्या तांदळाच्या पोत्यावर मूठ मारली. धप्प. मला तर ती बरी वाटली. तो म्हणाला, "बघू. अजून चांगली मिळंल."

बीट झालं की ते सुरेशच्या टेंपोत वाजवायचं, कारण त्यातला एक स्पीकर फाटका आहे. "चांगल्या स्पीकरवर सगळंच गोड लागतं. फाटक्यात टिकलं तर खरं." आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, गुडघ्याकडे बघायचं. "तोंड खोटं बोलतं, गुडघा नाय बोलत." माझा गुडघा आधीच दुखरा, तो हलला नाही की ह्याचा दिवस वाया.

हे सगळं चाललं होतं प्रणालीसाठी. प्रणाली लोधिवलीची. माथेरानला एका हॉटेलात खोल्या आवरते आणि स्वतः लिहून रॅप करते. सुट्टीच्या दिवशी खाली उतरायची ती थेट दिलीपकडे. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा:

"तुमची सुट्टी डोंगरावर, माझा डोंगर रोज,
तुमची बॅग मऊ मऊ, माझ्या डोक्यावर ओझं!"

पोळी लाटताना माझा हात त्यावर चालायचा. गाणं तयार होतं. तयार नव्हता तो दिलीप. किक बदलली की स्नेअर पातळ वाटायची. स्नेअर बदलली की किक मागे जायची. एकावर एक तीन ढोल चढवायचा, मग म्हणायचा, "गर्दी झाली, एकमेकांचं पोट दाबतात," आणि दोन काढून टाकायचा. प्रणाली सुट्टीमागून सुट्टी येऊन बसायची आणि तशीच परत जायची.

शेवटी एका दुपारी तिचा आवाज चढला. "भाऊ, हाटेलातल्या पोरी विचारतात, कुठाय तुजं गाणं? मी काय सांगू, ढोल शिजतोय?"

"थांब गं, पुढच्या सुट्टीला नक्की."

"नको. तुमचा ढोल तुमालाच ठेवा. मी नेटवरनं घेते बीट."

ती गेली. दिलीप त्या दिवशी जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडे शांतता. इतकी वर्षं मी त्या ठोकाठोकीवर वैतागले होते, आणि आता पोळ्या लाटताना माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताट वाढून त्याच्याकडे निघाले. दाराशी पोचते तर आत टाळ्या. एक-दोन माणसांच्या नाहीत, घरभर माणसांच्या. म्हटलं, पाहुणे आले वाटतं. तशीच मागे फिरले, आणखी भाकऱ्या घेतल्या, भाजी वाढवली आणि दार ढकललं.

आत दिलीप एकटा.

मोबाइल छताच्या हुकाला दोरीने लटकवलेला. दिलीप पलंगावर उभा राहून टाळ्या वाजवत होता, हातात मोजे घातलेले. मला बघून खाली उतरला.

"एवढी माणसं कुठली?" मी विचारलं.

त्याने कॉम्प्युटरवर मघाच्या टाळ्या परत वाजवल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं. एकाखाली एक रेघा होत्या, एकेक रेघ म्हणजे एकेकाची टाळी. "ही आई. आरतीला आई हात वाटीसारखे करून वाजवायची. हा आमचा मधू, त्याचे हात लाकडागत. ही त्याची बायको, दारात उभी राहून वाजवायची, म्हणून ही मी दारातनं घेतली. आणि ही त्याची पोरगी." मोजे काढत म्हणाला, "तिची हळू यायची."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. मधू, त्याचा भाऊ, पनवेलला फ्लॅट घेऊन गेला तो फारसा येत नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. पण ह्या खोलीत एके काळी इतकी माणसं मावत होती, ते मी विसरले होते.

"ऐकायला भरल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "पण वैनी, हात सगळे माझेच हायत ना. कळतं ते."

मी ताट ठेवलं आणि बाहेर येऊन प्रणालीला फोन लावला.

"काय, मिळाली का किक?" तिचा राग तसाच होता.

"किकचं मला माहीत नाही. हात कमी पडतायत. येशील का?"

सुट्टीला ती आली ती आई, मामी आणि दोन चुलतबहिणींना घेऊन. सुरेश आला, माझ्याकडे भाकऱ्या करणारी शेवंताबाई आली. गोधड्यांच्या खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे. दिलीप कॉम्प्युटरपाशी बसून शाळेतल्या मास्तरासारखा. "मामी, बांगड्या वर सरकवा. दादा, तुमी मागनं येताय, सगळ्यांबरोबर या."

"तुमचे हात कुठं हायत?" प्रणालीने विचारलं.

"माझे हायत की आधीचे."

"ते पुसा. आत्ताचे द्या." तिने त्याला हाताला धरून उठवलं, आमच्यात आणून उभं केलं आणि बटण स्वतः दाबलं.

आम्ही टाळी दिली. दिलीप आमच्या तोंडांकडे बघत राहिला होता. त्याची टाळी सगळ्यांची होऊन गेल्यावर एकटीच पडली.

"आता कोण मागनं आलं रं?" सुरेश खदखदून हसला. दिलीप ती पुसायला धावला, तर प्रणालीने माउसवर हात ठेवला. "राहू दे भाऊ."

गाणं त्याच आठवड्यात पुरं झालं. किक कुठली ठेवली विचारलं तर खाली बघत म्हणाला, "पोत्याचीच."

आता ते गाणं चौकच्या रिक्षांत वाजतं. प्रणाली सुट्टीला येते, नवीन काहीतरी लिहून आणते. खानावळीसमोर एखादी रिक्षा थांबली आणि टाळ्यांची जागा आली की सगळ्यांच्या मागून ती एक टाळी येते. दिलीप जेवता जेवता मान खाली घालतो. "चुकलंय वो ते," म्हणतो, आणि रिक्षावाल्याला हाताने खूण करतो, आवाज वाढव.