शब्बीरचाचांनी जमवलेले कान

आमचे शब्बीरचाचा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, कानाकडे बघून बोलतात. सलाम कानाला, चहाचा आग्रहही कानालाच. नवखा माणूस आधी कान पुसतो, मग आरशात बघून येतो.

जुन्नरच्या पेठेत त्यांच्या स्टुडिओला खेटून माझं चष्म्याचं दुकान. चष्मा कानावर टिकतो, म्हणून चाचा मला धंद्यातला भाऊ मानतात. पासपोर्ट फोटोची गिऱ्हाइकं कधीच दुसरीकडे गेली. चाचांकडे उरला एक भलामोठा लाकडी कॅमेरा आणि भिंतभर कान. खऱ्या मापाचे, काळेपांढरे. त्या खोलीत शिरलं की आपण आपोआप हळू बोलायला लागतो.

एकदा मलाही बसवलं. डोकं मागून लोखंडी चिमट्यात. कॅमेऱ्याचा घड्यांचा कातडी भाता ताणत ताणत लेन्स कानापासून वीतभर आणली. चाचा काळ्या कापडाखाली गेले आणि तिथून आवाज आला, "मागच्या काचेवर तुमी उलटे दिसताय राव. बरे दिसताय."

मग लेन्सला हात न लावता सगळा कॅमेराच केसभर पुढं, केसभर मागं. कानाची पाळी साफ दिसली की वरची कड धुरकट. मग दोन्ही साफ यावं म्हणून लेन्स बसवलेली पाटी किंचित तिरकी.

"भाता दुप्पट ताणला की उजेड चौपट लागतो," चाचा म्हणाले. "जवळ जाणं लई अवघड. आता श्वास रोका."

बाजारसुद्धा थांबल्यासारखा वाटला. भिंतीवरचे सगळे कान माझ्याकडे लागलेत असं वाटून मानेवर काटा आला.

"पण कानच का, चाचा?" सुटल्यावर मी विचारलं.

"चेहरा फोटोसाठी नटतो. कानाला नटता येत न्हाई."

गेल्या हिवाळ्यात दुपारी मी तिथं चहा पीत असताना लोणीची एक बाई आली. दारातच उभी राहिली.

"आमच्या अण्णांचा, माझ्या वडलांचा, फोटू तुमी काढला व्हता म्हणं. घरात त्यांचा एक बी फोटू न्हाई."

चाचांनी नाव विचारलं नाही. "बेटी, पदर जरा मागं घे," म्हणाले. तिच्या कानाकडे बघितलं आणि सरळ भिंतीवरून एक फोटो उतरवला. "पारगावला कारखान्यात व्हते ना?"

मी फोटोवरून तिच्या कानाकडे बघितलं. तीच चिकटलेली पाळी, तीच दुमडलेली कड.

"चेहरा न्हाई माझ्याकडं," चाचा ओशाळून म्हणाले. "एवढंच हाय."

बाईनं फोटो हातात घेतला. "माझ्या लग्नापासनं अबोला व्हता," ती म्हणाली. "मी पोचले तवर त्यांना मसणात नेलं व्हतं."

मग तिनं तो फोटो ओठांजवळ धरला. "अण्णा, मी आले व्हते." पुढचं ती त्या कानात इतकं हळू बोलली की आम्हाला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलली. चाचा तोवर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

ती फोटो छातीशी धरून गेली. मी कप ठेवून वळलो, तर चाचा काळ्या कापडाखाली. समोरची खुर्ची रिकामी. कापड मात्र हलत होतं.

"चाचा?"

कापडातून नुसता हात बाहेर आला.

"राव, तुमचा फोन देता? माझा नंबर बघून लेक उचलत न्हाई."

इतकी वर्षं शेजारी बसून त्यांना लेक आहे हेही मला माहीत नव्हतं. मी फोन त्या हातात दिला. हात कापडाखाली गेला. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.